परतताना घेते

माझ्या थोरल्या बहिणीला घरात आणि घराबाहेर सगळे भिंगरी म्हणतात. आई सांगायची, ही चालायला लागली त्या दिवसापासून हिला भरवायला दोन माणसं लागायची, एक घास धरायला आणि एक हिला धरायला. मी तिच्याहून धाकटी. मी दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या घासून गुळगुळीत करते, म्हणजे दुसऱ्यांचे दात घासून स्वतःचं पोट भरते, आणि दिवसभर एका स्टुलावरून हलत नाही. आम्ही दोघी एकाच आईच्या पोटच्या आहोत यावर पुष्कळांचा विश्वास बसत नाही. अधूनमधून माझाही उडतो.

ताई वीज कंपनीत मीटर वाचायची. दार वाजवायचं, "मीटर!" म्हणून ओरडायचं, जिन्याखाली वाकायचं, बॅटरीच्या उजेडात आकडा टिपायचा आणि ते दार बंद व्हायच्या आत पुढचं वाजवायचं. तिच्याइतकी लवकर फेरी कुणाची संपायची नाही. एका घरात दिलेलं पाणी ती दुसऱ्या घरापाशी पिते आणि भांडं तिसऱ्या घरात ठेवते, अशी तिची ख्याती होती. साहेब खूश, लोक खूश, फक्त पहिल्या घरातली बाई भांडं शोधत बसलेली.

या कामाची एक रीत असते. घर बंद असलं तर तिथं खोळंबायचं नाही. पुढं जायचं, ते घर परतताना घ्यायचं. तिच्या ऑफिसातले सगळेच असं करायचे, पण बाकीच्यांनी ही रीत ऑफिसात ठेवली आणि ताईनं ती घरी आणली. स्वेटर एका बाहीपर्यंत विणला, दुसरी बाही परतताना. गाडी चालवायला शिकायला गेली, वळण घेणं आलं, मागं घेणं राहिलं. बाहेरच्या खोलीची भिंत रंगवायला घेतली आणि खिडकीपर्यंत येऊन थांबली. नुसती आरंभशूर. भावोजी होते तोवर ते तिच्यामागून फिरत अर्धी कामं पुरी करायचे, कुरकुर न करता, शीळ वाजवत. ते गेले तेव्हा भिंत खिडकीपर्यंतच होती. ती अजून तशीच आहे.

आणि एकदा तिनं पोरीलाच परतताना घ्यायचं ठरवलं.

माझी भाची तेव्हा सहा वर्षांची होती. शाळेला सुट्टी, भावोजी कामावर, म्हणून ताई तिला फेरीवर घेऊन गेली. एका चार मजली इमारतीत पोर दमली. ताई म्हणाली, "तू इथंच पायरीवर बस, मी परतताना घेते." पोर बसली. ताईनं ती इमारत केली, मागची गल्ली केली, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऑफिस होतं म्हणून तिथंच आकडे देऊन टाकले आणि तशीच घरी येऊन दूध तापत ठेवलं. मी त्या संध्याकाळी सहज गेले होते. विचारलं, "पोरगी कुठाय गं?" ताईच्या तोंडचा रंग उडाला. ती अनवाणी धावली, मी तिच्यामागं, आणि दूध उतू गेलं.

पोर पायरीवरच होती. त्याच पायरीवर. वरच्या मजल्यावरच्या बाईनं तिला तीनदा घरात बोलावलं होतं, बिस्किटं दाखवली होती. ती जागची हलली नव्हती. त्या बाईनं आम्हाला सांगितलं, दर वेळी एकच उत्तर, "आई इथंच बस म्हणाली आहे."

भाची ही गोष्ट हसत सांगते. स्वतःच्या लग्नातसुद्धा तिनं सासरच्या मंडळींना ती रंगवून सांगितली आणि सगळे पोट धरून हसले. ताईही हसली. मला मात्र ते हसणं कधी सोसलं नाही. भाचीनं आईला एकदा चांगलं फैलावर घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं.

पुढं मीटरच शहाणे झाले. ते स्वतःच आपले आकडे कंपनीला कळवायला लागले, आणि ताईला एका खोलीत बसवून कानाला यंत्र लावून तक्रारी ऐकायला दिल्या. खुर्ची चाकांची दिली ही कंपनीची चूक. महिनाभरात ती खुर्चीसकट खोलीभर फिरायला लागली. तक्रार करणाऱ्याला वाटायचं बाई आपल्याशी बोलतेय, आणि बाई खिडकीपाशी जाऊन रस्त्यावर कोण चाललंय ते बघतेय. घरी आली की तिन्ही खोल्यांतून येरझाऱ्या. माझ्याकडे आली की माझ्या कपाटातले डबे खालवर करायची. मी म्हणायची, "ताई, एका जागी बस, मला घेरी येते." ती म्हणायची, "बसलेच आहे की," आणि तोवर ती गॅलरीत पोचलेली असायची.

अशात भाचीला मुलगी झाली. ती चार महिन्यांची झाली तशी भाचीची कामावर परत जायची वेळ आली. तिच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, आठवड्यातले तीन दिवस नातीला सांभाळायला तयार होत्या. त्यांनी सगळी हयात इस्पितळाच्या धुलाईखान्यात एका टेबलाशी उभं राहून चादरींना इस्त्री केली होती आणि नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. धिप्पाड बाई, बोलणं मोजकं, चालणं त्याहून मोजकं. उरले दोन दिवस. ताई म्हणाली, "ते दोन दिवस माझे. मी साहेबांना सांगून सुट्ट्या बदलून घेते."

भाची बाळाचे कपडे घड्या घालत होती. तिनं मान वर केली नाही. "नको आई. पाळणाघर बघितलंय मी."

"पाळणाघर? आजी जिवंत असताना?"

"आई, तू एका जागी थांबत नाहीस."

"तिच्यासाठी थांबेन की."

"माझ्यासाठी थांबलीस?"

हे ती हसत म्हणाली नाही. ताईनं एक झबलं उचललं आणि अर्धीच घडी घालून खाली ठेवलं. भाचीलाही बहुधा वाईट वाटलं, कारण थोड्या वेळानं ती म्हणाली, "तू एक गोष्ट शेवटपर्यंत कर, आई. कुठलीही कर. मग बघू."

म्हणजे एवढंच पणाला लागलं होतं. आठवड्यातले दोन दिवस आणि एक चार महिन्यांची पोरगी.

माणूस स्वेटरची दुसरी बाही विणायला घेईल, भिंत रंगवेल. आमच्या ताईनं डोंगर निवडले. आमचे जावईबापू चष्म्याच्या दुकानात काचा कापतात. त्यांच्या दुकानाच्या दारावर एका गिर्यारोहण संस्थेचा कागद लागला होता. गावामागचे पाच डोंगर एका दिवसात, चौघांचा गट. प्रत्येक माथ्यावर एक तंबू असणार, आणि चौघांचे हात एकदम पुढं आले तरच मनगटावरच्या कापडी पट्टीवर ठिपका मिळणार. एक जण मागं राहिला की गट बाद. ताईनं तो कागद उभ्याउभ्याच वाचला आणि आत जाऊन चौघांचं ठरवूनही टाकलं. ती स्वतः, जावई, तिच्या ऑफिसातली एक मैत्रीण आणि मी.

"मला विचारायचं तरी," मी म्हटलं.

"तू नाही म्हणाली असतीस."

दुरून डोंगर साजरे असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. मला ते दुरूनही फारसे साजरे वाटत नाहीत. पण दोन दिवसांची गोष्ट मला ठाऊक होती, म्हणून मी बूट विकत घेतले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं तशी आमची गत. आठवडाभर आधी ऑफिसातल्या मैत्रिणीचा गुडघा सुजला. चौथं माणूस कोण, यावर भाचीच्या घरी चर्चा चालली होती. ताई सोफ्याला प्रदक्षिणा घालत होती. तेव्हा विहीणबाई बाळाला खांद्यावर थोपटत म्हणाल्या, "मी येते."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. जावई म्हणाले, "आई, डोंगर आहेत ते."

"जिने चढलेच आहे की जन्मभर. धुलाईखाना तळघरात होता."

नंतर स्वयंपाकघरात मी त्यांना हळूच विचारलं, हे कशाला अंगावर घेताय? त्या कपाची कड पुसत म्हणाल्या, "जिच्याकडे नात ठेवायची, तिच्याबरोबर एक दिवस काढून बघायला नको?" मी मनात म्हटलं, झालं. परीक्षाही आली आणि परीक्षकही सोबत आले.

उजाडता उजाडता आम्ही निघालो. पहिला डोंगर गवताचा होता, चढण सौम्य. ताई सुटली. ती वळणापर्यंत पुढं जायची, मागं बघायची, आम्ही दिसलो नाही की परत खाली यायची, "चला चला" म्हणायची आणि पुन्हा वर. आम्ही एक डोंगर चढलो तेव्हा तिचे दीड झाले होते. तंबूपाशी आम्ही पोचलो तर बाईसाहेब तंबूच्या दोऱ्या घट्ट करून देत होत्या. चौघांचे हात पुढं आले, ठिपके पडले. "चला," ताई म्हणाली. मी अजून श्वास घेत होते.

विहीणबाईंचा मात्र एकच वेग. चढाला तोच, उताराला तोच. इस्त्री फिरवावी तसं एक पाऊल, मग दुसरं, मध्ये सुरकुती ठेवायची नाही. त्या वर बघायच्या नाहीत. शिखर किती राहिलं असं त्यांनी दिवसभरात एकदाही विचारलं नाही. मी सारखी विचारत होते.

दुसऱ्या डोंगरापर्यंत ताईनं जीभ आवरली. तिसऱ्यावर ती सुटलीच. "विहीणबाई, जरा पाय उचला."

"उचलतेय. एका वेळी एकच उचलता येतो."

जावईबापूंचे हाल तर कुत्रा खाईना. दोघींनाही ते आईच म्हणतात, त्यामुळं त्यांनी नुसतं "आई!" म्हटलं की पुढं दिसेनाशी होत असलेली एक आणि मागं पाण्याची बाटली उघडत असलेली दुसरी, दोघी वळायच्या. मग ते पुढचीला म्हणायचे "थांबा" आणि मागचीला म्हणायचे "ये". दिवसभर बिचारे थांबा आणि ये करत मधोमध चालत होते. मला हसू यायचं आणि हसलं की पोटऱ्या दुखायच्या.

पण तिसरा झाला, चौथाही झाला. खरं सांगते, चौथ्या माथ्यावर मलाही वाटायला लागलं की ही बाई या खेपेला तडीस नेणार. ताईच्या चेहऱ्यावर मी असं काही पाहिलं नव्हतं. ती पट्टीवरचे चार ठिपके अंगठ्यानं चाचपत होती. मला म्हणाली, "एकच राहिला गं." मग थोडं थांबून, "मी तिला दुपारी फिरायला नेईन. गाडीत घालून. नदीपर्यंत." ती बाळाबद्दल बोलत होती. तिच्या डोक्यात ते दोन दिवस सुरू झालेसुद्धा होते.

चौथ्याहून उतरलो आणि धुकं आलं. थोडं थोडं नाही, एकदम. पुढच्या माणसाची पाठ दिसेना. पाचव्या डोंगराच्या तंबूतली माणसं वाट कळावी म्हणून भोंगा वाजवत होती, दर थोड्या वेळानं एक लांब आवाज. तो ऐकला की वाटायचं, हा काय, हाकेच्या अंतरावर तर आहे. संध्याकाळी तंबू बंद होणार होता आणि मग भोंगाही बंद होणार होता. ताई त्या आवाजामागं ओढल्यासारखी चालायला लागली. मी तिच्यामागं, जावई माझ्यामागं. मागून दगड घरंगळल्याचा आवाज आला, आणि मग विहीणबाईंचा आवाज, अगदी शांत, "माझा पाय गेला."

दोन दगडांच्या मध्ये घोटा मुरगळला होता. आम्ही बूट सैल केला तोवर घोटा टम्म फुगला. जावयांनी त्यांना उठवून बघितलं. एक पाऊल टाकलं आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. त्या खाली बसल्या. फोनला रेंज नव्हती. भोंगा वाजला.

ताई उभी होती. तिचे पाय जागच्या जागी हलत होते, घोड्यासारखे. "ऐका," ती म्हणाली, "तंबू इथंच आहे, वर. आपण तिघं जाऊ. तिथं माणसं आहेत, मदत आहे, सगळं आहे. त्यांना सांगू चौथी खाली बसलीय, बघतील ते, माणसंच आहेत, ठिपका देतील. आणि त्यांनाच घेऊन खाली येऊ. विहीणबाई, तुम्ही इथंच बसा, परतताना घेतो तुम्हाला."

बोलणं अगदी चुकीचं होतं असंही नाही. मदत वरच होती. पण माझ्या डोक्यात सणक गेली. जावईबापूंकडे बघितलं तर ते चष्मा पुसत होते, खूप वेळ, पुसून झालेला चष्मा. ती पायरीची गोष्ट त्यांनीही ऐकली होती. त्यांच्या लग्नात सगळे हसले तेव्हा तेही हसले होते.

मी काही जहरी बोलायला तोंड उघडलं. त्याआधी विहीणबाई म्हणाल्या, "बरं. बसते." पिशवी त्यांनी अंगाखाली सरकवली, हात मांडीवर ठेवले आणि ताईकडे बघत बसल्या. टोमणा नव्हता त्यात. सांगितलं म्हणून बसल्या. सहा वर्षांची पोर बसली असेल तशाच.

ताईनं ते बघितलं. तिचे हलणारे पाय थांबले. मग तिनं जावयांना विचारलं, आणि आवाज तिचा वाटेना, "तुम्ही एकटे जाल?"

"धुक्यात एकटं नको," ते म्हणाले. तेवढ्यात मागून एक गट आला, चार तरुण मुली, दोरीला धरून चाललेल्या. जावई त्यांच्याबरोबर मदत आणायला वर गेले. दोन पावलांत पाचही जण धुक्यात दिसेनासे झाले.

आम्ही तिघी उरलो. ताई विहीणबाईंच्या समोर दगडावर बसली. बसली आणि उठली. पुन्हा बसली. भोंगा वाजला की तिचा गुडघा उडायचा. मग ती एकदम पुढं सरकली आणि म्हणाली, "विहीणबाई, तो पाय माझ्या मांडीवर ठेवा."

"अहो, काहीतरीच काय? पाय?"

"पाय उंच ठेवायचा असतो सुजल्यावर. आणि..." ती अडखळली. "आणि तो मांडीवर असला की मला उठता येणार नाही. ठेवा."

विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. विहिणीच्या मांडीवर विहिणीनं पाय ठेवायचा म्हणजे काय थट्टा आहे? पण ठेवला. भरभक्कम पाय तो. ताईनं त्याला दोन्ही हातांनी धरलं, एखादा पक्षी उडून जाऊ नये म्हणून धरावा तसं. उडून जाणारी तीच होती, हे तिलाही ठाऊक होतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही, धुक्यात वेळही दिसत नाही. थंडी हाडांत शिरली. मी माझं जाकीट विहीणबाईंच्या खांद्यांवर टाकलं आणि नंतर पस्तावले. ताईच्या मांडीला मुंग्या येत असणार, ती ओठ चावत होती, मान इकडून तिकडं करत होती, बोटं सतत चाळवत होती, पण कमरेखाली ती हलली नाही. भोंगा वाजत होता. दर वेळी ती त्या दिशेला बघायची आणि दर वेळी पाय जरा घट्ट धरायची.

विहीणबाईंनीच विषय काढला. आडवळण त्यांच्या स्वभावात नाही. "त्या दिवशी काय झालं होतं हो? पोरीच्या तोंडून ऐकलंय. तुमच्या तोंडून नाही."

मला वाटलं ताई थट्टेवारी नेईल. ती म्हणाली, "विसरले होते."

"धावपळीत..."

"धावपळ नव्हती. सगळे असंच म्हणतात, कामाच्या धावपळीत राहिली असेल. आमच्या यांनीसुद्धा तसंच म्हणून मला सांभाळून घेतलं. फेरी लवकर संपली होती. मी घरी येऊन दूध तापवत होते, आणि मला बरं वाटत होतं, हलकं वाटत होतं. हिनं विचारलं नसतं," तिनं माझ्याकडे हनुवटी केली, "तर मी ते दूध पिऊन टाकलं असतं."

मला हे कधी तिनं सांगितलं नव्हतं.

विहीणबाईंनी खांद्यांवरचं जाकीट सावरलं. मग म्हणाल्या, "मी तीस वर्षं एका टेबलाशी उभी राहिले, लोक म्हणतात काय स्थिर बाई आहे. स्थिर कसली? वाफेचं यंत्र होतं समोर. हललं की भाजायचं." त्यांनी बाही वर करून मनगटावरचे जुने पांढरे डाग दाखवले. "मलाही पळावंसं वाटायचं. रोज."

"मग?"

"मग काय. चादर यायची पुढची."

ताई हसली, आणि तेव्हाच भोंगा लांबलचक वाजला आणि थांबला. आम्ही पुढच्या आवाजाची वाट बघत राहिलो. तो आला नाही. तंबू बंद झाला होता. पाचवा डोंगर गेला, म्हणजे पाचही गेले, आणि त्यांच्याबरोबर ते दोन दिवस. हे तिघींनाही कळलं. ताईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती रडायला लागली, विहीणबाईंचा पाय धरून, बसून. भावोजी गेले तेव्हाही ती रडली होती, पण घरभर फिरत. बसून रडताना मी तिला पहिल्यांदा बघत होते.

मग दिव्यांचे पिवळे ठिपके दिसले आणि जावयांचा आवाज आला, "आई!" दोघींनी एकदम "ओ" दिली.

चार माणसांनी विहीणबाईंना डोलीसारख्या कापडात घालून खाली आणलं. ताईला उठता येईना. तिचा पाय बधिर झाला होता. मी तिला धरून उठवलं आणि ती माझ्या खांद्यावर हात टाकून लंगडत उतरली. जन्मात पहिल्यांदा ती माझ्या मागं चालत होती. मला उगाचच मोठं झाल्यासारखं वाटलं.

पायथ्याशी मोठा मांडव होता, लांब बाकं, गरम पाणी, आणि फळ्यावर गटांची नावं. आमच्यापुढं अपूर्ण असं लिहिलेलं होतं. ताईनं ते वाचलं आणि फळ्याच्या समोरच्याच बाकावर बसली. भाची बाळाला छातीशी धरून आली होती. नवऱ्यानं तिला फोनवर काय सांगितलं होतं कुणास ठाऊक, तो काही फार बोलणारा नव्हे. ती आईसमोर उभी राहिली.

"नाही झालं पुरं," ताई म्हणाली. "एक राहिला." पुढं तिनं काहीच सांगितलं नाही. पाय नाही, मांडी नाही, धुकं नाही. मी तिला कोपरानं ढोसलं, तरी नाही.

भाची माझ्याकडे वळली. "मावशी, किती वेळ बसली होती ही?"

"मदत येईपर्यंत."

"उठली नाही?"

"नाही."

"एकदाही?"

"नाही गं बाई. तुझ्या सासूला विचार. त्यांचाच पाय होता."

मांडवाच्या कडेला डॉक्टरांचा तंबू होता, तिथं विहीणबाईंच्या घोट्याला पट्टी बांधत होते. जावई गाडी आणायला गेले होते, आणि आतून कुणीतरी विचारत होतं, आजींबरोबर कोण आहे. भाचीला जायला हवं होतं. मी हात पुढं केले, बाळ घ्यायला. मीच घेते नेहमी, सवयीनंच केले. ती माझ्या हातांवरून पुढं गेली आणि बाळ तिनं ताईच्या मांडीवर ठेवलं. दुपटं नीट केलं.

"आई, तू इथंच बस. मी येते."

ती लगेच काही आली नाही. डॉक्टरांचं आवरायला वेळ लागला, मग विहीणबाईंना आधार देत एका पायावर गाडीपर्यंत न्यायचं होतं. तोवर मांडव रिकामा झाला. संस्थेची माणसं आवराआवर करायला लागली. फळा नेला, पाण्याची पिंपं नेली, बाकं एकावर एक रचून टेम्पोत घालायला लागली. ताईच्या पायाला अजून मुंग्या येत असाव्यात, कारण ती बुटातली बोटं हलवत होती. बाकी काही हलत नव्हतं. बाळ जागं होतं आणि तिच्या पट्टीवरचे चार ठिपके बघत होतं.

दोन माणसं आमच्या बाकापाशी आली. एक म्हणाला, "बाई, जरा उठता का? एवढं बाक आत टाकायचंय. तिकडं खुर्ची आहे, तिथं बसा."

खुर्ची चार पावलांवर होती.

"नाही," ताई म्हणाली. "माझी मुलगी इथंच बस म्हणाली आहे."

ती दोघं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांना काय कळणार? मी पुढं झाले आणि त्यांना म्हटलं, "तुम्ही बाकीची न्या आधी. हे परतताना घ्या."